लिलाव : मागे उरलेल्या वस्तूंची एक कहाणी

‘लिलाव’ हा शब्द मराठीत इतका मुरून गेला आहे की, तो बाहेरून आला आहे हे सांगितल्याखेरीज कोणाच्या ध्यानात येऊ नये. बँकेच्या नोटिशीत तो आहे, कोर्टाच्या बेलिफाच्या तोंडी आहे, कांद्याच्या बाजारात आहे. आणि आपल्या कितीतरी धर्मग्रामांत सणाच्या दिवशी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या पटांगणात केळ्यांचे घड, नारळ, कोंबड्या यांची बोली लागते तेव्हाही तोच असतो. हा शब्द पोर्तुगिजांचा. त्यांच्या भाषेत त्याचा उच्चार ‘लेइलाँव’ असा काहीसा होतो, आणि त्यांनी तो अरबांकडून घेतला असे भाषापंडित मानतात. चावी, पिंप, घमेले या शब्दांच्या संगतीने तो आपल्या किनाऱ्यावर उतरला. पोर्तुगिजांबरोबर तो पूर्वेकडेही गेला. मलाया आणि जावाकडे आजही लिलावाला ‘लेलांग’ म्हणतात.

चावी, पिंप, घमेले हे घरात येणाऱ्या वस्तूंचे शब्द. लिलाव हा वस्तू घराबाहेर पडण्याचा शब्द. घर आवरणे, अडगळ काढणे, जुन्याचा निरोप घेणे हा विषय सामान्यतः स्त्रियांच्या मासिकांतील गृहशोभेच्या सदरात टाकला जातो. आमच्या मते तो इतिहासाचा विषय आहे, आणि आपल्या धर्मविचाराचाही. घरातील कर्ता पुरुष किंवा घरातील माउली प्रभूघरी गेल्यावर मागे उरलेल्या वस्तूंचे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक पिढीला पडतो. चारशे वर्षांपूर्वी गोव्यातील ख्रिस्ती समाजाने त्याला एक उत्तर दिले होते. ते उत्तर कठोर होते, काही बाबतीत ते भयंकर होते. पण त्याच्या मुळाशी एक विचार होता, आणि तो आज आपल्या माळ्यांवरून आणि पेटाऱ्यांतून हरवलेला दिसतो.

त्या उत्तराची हकीकत आपल्याला एका डच तरुणाने सांगितली आहे. यान ह्यूघेन व्हान लिन्शोटेन हा १५८३ साली गोव्यात आला. गोव्याचे आर्चबिशप व्हिसेंत द फोन्सेका यांच्या पदरी तो चिटणीस होता. आर्चबिशपांच्या वाड्यात बसून त्याने पाच वर्षे डोळे उघडे ठेवून गोवा पाहिला. १५८७ साली आर्चबिशप पोर्तुगालला जायला निघाले आणि समुद्रप्रवासातच त्यांचे देहावसान झाले. ती वार्ता गोव्यात पोहोचल्यावर लिन्शोटेनने मायदेशाची वाट धरली आणि १५९६ साली आपला प्रवासग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथाने पोर्तुगिजांची समुद्रमार्गांची गुपिते डच व इंग्रज व्यापाऱ्यांच्या हाती पडली, म्हणून इतिहासकार त्याला महत्त्व देतात. आम्हांला मात्र त्यातील एका रस्त्याचे वर्णन अधिक मोलाचे वाटते.

जुन्या गोव्यात मांडवीच्या धक्क्यापासून शहराच्या आत जाणारा जो मुख्य रस्ता होता, त्याचे नाव ‘रुआ दिरेता’, म्हणजे सरळ रस्ता. व्हाइसरॉयची कमान आजही उभी आहे. तिच्याखालून तो वर चढत असे. या रस्त्यावर रविवार आणि सणाचे दिवस वगळून रोज सकाळी लिलाव भरत असे. लिन्शोटेनला तो पाहून अँटवर्प शहरातील व्यापाऱ्यांच्या पेठेची आठवण झाली. फरक इतकाच की, येथे व्यापाऱ्यांबरोबर शहरातील उमराव मंडळीही हजर असत. अरबी घोडे, मसाल्याचे पदार्थ, औषधी, सुगंधी डिंक, खंबायत, सिंध, बंगाल आणि चीन येथून आलेली किमती पांघरुणे व नवलाच्या वस्तू असे सारे काही तेथे बोलीवर चढत असे. बोली पुकारणारे लोक सोन्याच्या साखळ्या, मोती, अंगठ्या आपल्याच अंगावर लटकावून गर्दीतून फिरत. चालती-बोलती दुकानेच ती! लिन्शोटेनच्या ग्रंथात या बाजाराचे एक कोरीव चित्रही आहे.

परंतु हा बाजार केवळ नव्या मालाचा नव्हता. लिन्शोटेन सांगतो की, शहरात कोणीही मनुष्य मरण पावला म्हणजे त्याचे सारे सामान या रस्त्यावर आणून शेवटच्या कवडीपर्यंत विकले जाई. मग तो कोणीही असो. खुद्द व्हाइसरॉय असला तरी त्याच्या सामानाची वाट हीच. असे का, याचे कारणही तो देतो : विधवांना आणि पोरक्या मुलांना न्याय मिळावा, म्हणून विक्री लवकर व्हावी आणि ती चारचौघांच्या डोळ्यांदेखत व्हावी. वर तो असेही नोंदवतो की, गोव्याच्या उष्ण हवेमुळे आणि लोकांच्या बेताल राहणीमुळे माणसे फार मरत, तेव्हा दरसाल या मार्गाने पुष्कळच माल विकला जाई. पोर्तुगिजांची वस्ती असलेल्या इतर ठिकाणीही असाच लिलाव भरत असे, असे तो म्हणतो.

वाचकहो, या चित्रापुढे क्षणभर थांबावे असे आम्हांला वाटते. कालपर्यंत ज्या पलंगावर माणूस निजत होता तो पलंग, त्याचा झगा, त्याची तलवार, त्याच्या जेवणाची ताटे, त्याच्या पत्नीने निवडून घेतलेली चिनी मातीची भांडी हे सारे भर रस्त्यात मांडलेले आणि शेजारीपाजारी ते हातात घेऊन उलटसुलट करून पाहत असलेले! आपल्या मनाला ते निष्ठुर वाटते. आपल्याकडे वडिलांचा चष्मा कपाटात तसाच राहतो, आईचे लुगडे घडी न मोडता वर्षानुवर्षे जपले जाते, आणि त्याला आपण प्रेम म्हणतो. ते प्रेमच असते, यात शंका नाही. पण त्या काळच्या गोव्यातील विधवेची स्थिती लक्षात घेतली म्हणजे लिलावाची निकड कळते. तिचे माहेर सहा महिन्यांच्या सागरप्रवासापलीकडे असे, किंवा ती येथील स्थानिक स्त्री असून नवऱ्याच्या नातलगांना तिचे तोंडही माहीत नसे. नवऱ्याचे देणेकरी-घेणेकरी दाराशी बसलेले. दमट हवेत कापडाला बुरशी धरते, लाकडाला वाळवी लागते, आणि जे सामान बंद खोलीत असते त्यातून वस्तू एकेक करून नाहीशा होतात. घरातला कोणी हुशार दीर किंवा भागीदार असला तर त्या अधिकच लवकर नाहीशा होतात. उघड्यावर पुकारलेली किंमत मात्र सर्वांनी ऐकलेली असते. तिच्यातून पोराच्या वाटणीचे चार पैसे खाली काढणे अवघड.

याच कारणासाठी पोर्तुगीज कायद्यात पोरक्या मुलांसाठी स्वतंत्र न्यायाधीश असे. बाप मेला आणि मुले अज्ञान असली, की घरातील चीजवस्तूंची यादी करणे हे त्याचे काम. आपण ‘यादी’ म्हणतो तेव्हा वाण्याच्या सामानाची चिठ्ठी डोळ्यांपुढे येते. त्या काळी यादी हे मुलांचे संरक्षण होते. जे लिहिले गेले ते चोरता येत नाही.

जे एकटे मरत त्यांचे काय? सैनिक, खलाशी, छोटे व्यापारी असे हजारो पुरुष मलाक्क्याला, मकावला, होर्मुझला मरत. मागे एक पेटी, चार कपडे, थोडे नाणे. त्यांच्यासाठी दोन व्यवस्था होत्या. एक सरकारी : मृतांच्या व गैरहजर असलेल्यांच्या मालमत्तेवर देखरेख करणारा अधिकारी. ‘लुसियाद’ महाकाव्याचा कवी लुईश द कामोंईश याने मकावला हीच नोकरी केली आणि त्या पैशाच्या गैरव्यवहाराचा आरोपही त्याच्यावर आला, असे जुनी चरित्रे सांगतात. अलीकडच्या अभ्यासकांना ते तितकेसे पटत नाही. दुसरी व्यवस्था प्रापंचिकांच्या एका बंधुसंघाची. तिचे नाव मिझेरिकॉर्डिया, म्हणजे दया. राणी लिओनोर हिच्या पुढाकाराने हा संघ १४९८ साली लिस्बनला स्थापन झाला, आणि पुढे जेथे जेथे पोर्तुगीज गेले तेथे तेथे त्याच्या शाखा निघाल्या. गोव्यात होती, आपल्या वसईच्या किल्ल्यातही होती. दयेची चौदा कृत्ये आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली. या संघाने ती आपल्या नियमावलीत घातली होती. भुकेल्यांना अन्न, उघड्यांना वस्त्र, कैद्यांची भेट, मृतांना मूठमाती. आणि त्याला जोडून एक काम आपोआप आले. मेलेल्या माणसाने संघावर विश्वास टाकून मागे ठेवलेले सामान विकणे, आणि आलेला पैसा हुंडीने लिस्बनला पाठवून त्याच्या वारसांच्या हाती पोहोचवणे.

आशिया खंडाच्या टोकाला मेलेल्या एका शिपायाच्या जुन्या कोटाची किंमत पोर्तुगालमधल्या एखाद्या खेड्यातील म्हातारीला मिळावी, यासाठी गोव्यातील माणसे वह्या लिहीत बसली. आम्हांला ही घटना गोव्याच्या मोठमोठ्या लढायांपेक्षा अधिक अभिमानास्पद वाटते. व्यवस्था नेहमीच स्वच्छ राहिली असे मात्र नव्हे. सरकारी तिजोरी रिकामी झाली की, राज्यकर्त्यांची नजर या ‘मृतांच्या पैशा’कडे वळे, आणि कर्जाच्या नावाखाली तो उचलल्याचे दाखले इतिहासात आहेत. दयेच्या पेटीलाही कुलूप हवे असते.

आता या रस्त्यावरची काळी बाजू सांगितली पाहिजे. ती न सांगता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच रुआ दिरेतावर, त्याच सकाळी, त्याच पुकाऱ्यांच्या तोंडून माणसेही विकली जात. पुरुष, स्त्रिया, लहान मुले. लिन्शोटेन म्हणतो की, जनावरे विकावीत तशी ती विकली जात. आणि मृताच्या सामानाच्या यादीत पलंग, गालिचा, चांदीचा पेला यांच्या ओळीने गुलामांचीही नावे येत. ज्या यादीला आम्ही वर मुलांचे संरक्षण म्हटले, तिच्यातच दुसऱ्या कोणाची तरी मुले ‘सामान’ म्हणून नोंदली जात होती. १५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेने गुलाम कोणत्या परिस्थितीत न्याय्य मानावा याचे नियम केले. गुलामगिरीच मुळात अन्याय आहे, असे म्हणण्यापर्यंत ती गेली नाही. मरणाच्या दारात काही धन्यांना जाग येई आणि ते मृत्युपत्रात आपल्या गुलामांना मुक्त करीत. जन्मभर जे सोडता आले नाही ते शेवटच्या कागदावर सुटे. पोप ग्रेगरी सोळावे यांनी १८३९ साली गुलामांच्या व्यापाराचा निषेध केला. पोर्तुगीज राज्यात गुलामगिरी कायद्याने रद्द व्हायला १८६९ साल उजाडले. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील गोरे बेटावर गेले, आणि जेथून गुलाम जहाजांत भरले जात त्या जागी उभे राहून त्यांनी ख्रिस्ती माणसांच्या या पापाबद्दल क्षमा मागितली. ‘माझे’ हा शब्द किती लांबवर पसरू शकतो आणि तो पसरत असताना माणसाला त्याचे काहीच कसे वाटत नाही, हे या रस्त्याने दाखवले.

‘माझे’ या शब्दाला लगाम घालण्याचा प्रयत्न पवित्र सभेच्या परंपरेत फार जुना आहे. चौथ्या शतकात कप्पदुकिया प्रांतात दुष्काळ पडला होता. मोठी कोठारे बांधू पाहणाऱ्या मूर्ख धनवानाचा शुभवर्तमानातील दाखला घेऊन संत बेझिल यांनी तेव्हा प्रवचन केले. दुसऱ्याचे हिसकावून घेणारा जसा चोर, तसा उघड्याला वस्त्र देण्याची ऐपत असूनही न देणारा चोर, असा त्यांचा रोख होता. पेटीत ठेवलेला अंगरखा आणि कोपऱ्यात कुजत पडलेले जोडे हे मुळी ठेवणाऱ्याचे नव्हेतच, असे ते म्हणत. दान हा उपकार नसून परतफेड आहे, हा विचार पुढे संत अम्ब्रोज यांच्या लेखनात येतो, आणि १९६७ साली पोप सहावे पॉल यांनी राष्ट्रांच्या विकासावरील आपल्या विश्वपत्रात अम्ब्रोज यांचाच आधार घेतला.

विचार सांगणे सोपे. त्याची शिस्त बसवणे कठीण. ती संत बेनेडिक्ट यांनी बसवली. सहाव्या शतकात त्यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली तिच्यातील पंचावन्नावे प्रकरण कपड्यांविषयी आहे, आणि घर आवरण्याविषयी इतके शहाणपणाचे लिखाण आमच्या तरी वाचनात दुसरे नाही. प्रत्येकाला दोन अंगरखे आणि दोन टोपीझगे पुरेत : रात्री बदलायला आणि धुवायला. त्याहून अधिक ते फाजील, ते काढून घ्यावे. नवे वस्त्र मिळाले की जुने तत्क्षणी परत करायचे, आणि ते गोरगरिबांसाठी कोठीत ठेवायचे. ‘तत्क्षणी’ या अटीत सारे मर्म आहे. नवे आल्यावर जुने ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून ठेवण्याची जी वेळ असते, तीच त्यांनी शिल्लक ठेवली नाही. आणि जुने म्हणजे चिंध्या झालेले नव्हे. दुसऱ्याच्या अंगावर अजून काही वर्षे टिकेल असे. मठाधिपतीने अधूनमधून बिछाने तपासावेत, कोणी काही लपवून ठेवले आहे का पाहावे, असेही ते सांगतात. पण त्याच दमात अट घालतात की, माणसाला लागणारी प्रत्येक वस्तू मठाधिपतीने आधी दिली पाहिजे : पट्टा, चाकू, लेखणी, सुई, हातरुमाल, लिहिण्याच्या पाट्या. गरज भागवल्यावरच झडती.

याच नियमावलीत अठ्ठावन्नाव्या प्रकरणात एक हळवी तरतूद आहे. नवखा उमेदवार व्रत घेतो तेव्हा त्याच्या अंगावरचे स्वतःचे कपडे उतरवून मठाचे चढवले जातात. ते उतरवलेले कपडे मात्र कोणाला देऊन टाकायचे नाहीत. ते कोठीत जपून ठेवायचे. न जाणो, तो कधी मठ सोडून निघाला तर त्याचे त्याला परत मिळावेत. त्याग करायला लावणाऱ्या माणसाने त्याग करणाऱ्याच्या दुबळेपणाची अशी सोय करून ठेवावी, हे आम्हांला फार थोर वाटते. घरातील म्हातारीची गाठोडी तिला न विचारता बाहेर काढणाऱ्या उत्साही सुनामुलांनी हे प्रकरण वाचावे.

आपल्या वसईला तर एकदा सबंध शहरच आवरावे लागले. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या सैन्यापुढे किल्ल्याने शरणागती पत्करली. तहाच्या अटींनुसार पोर्तुगिजांना आपली बायकामुले आणि हलवता येण्याजोगी मालमत्ता घेऊन निघून जाण्याची मुभा मिळाली. मुदत होती सुमारे आठवड्याची. दोनशे पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर आठ दिवसांत काय घ्यायचे आणि काय ठेवायचे? गलबतांत जागा किती, हाच शेवटी निकष. जमीन राहिली, वाडे राहिले, चर्चच्या भिंती राहिल्या, आणि घंटा राहिल्या. त्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या. नाशिकला गोदावरीकाठच्या नारोशंकराच्या देवळावर एक टांगली आहे, तिच्यावर १७२१ हे साल आहे. भीमाशंकरला दुसरी आहे, तिच्यावर १७२९. शिवमंदिरांत त्या गेली पावणेतीनशेहून अधिक वर्षे वाजत आहेत. कोणी त्याला लूट म्हणेल, आणि युद्धात ती लूटच असते. पण मागे राहिलेली वस्तू आपल्या मूळ धन्याची वाट पाहत बसत नाही, ती दुसऱ्याच्या दिनक्रमात रुजते, हे या घंटांइतके स्पष्ट दुसऱ्या कशाने दिसत नाही.

जुन्या गोव्याचीही पुढे तीच गत झाली. रोगराईने शहर ओस पडत गेले, व्हाइसरॉय अठराव्या शतकाच्या मध्यास पणजीला राहायला गेले, १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. वाड्यांचे दगड नव्या बांधकामांसाठी उचलले गेले. रुआ दिरेतावर बोली पुकारायला कोणी उरले नाही.

लिलावाची रीत मात्र गोव्याच्या कायद्यातून गेली नाही. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा तेथे लागू झाला, आणि गोवा स्वतंत्र भारतात आल्यावरही वारसाहक्काची ती पद्धत चालू राहिली. गोवा विधानसभेने केलेल्या आणि २०१६ साली अंमलात आलेल्या वारसाविषयक कायद्यानेही तिचा गाभा राखला आहे. घरातील माणूस गेले की वारसांपैकी एकाला कुटुंबप्रमुख नेमून मालमत्तेची यादी करायची. आणि वाटणीच्या वेळी एकाच वस्तूवर दोघांचे मन असेल, तर वारसांनी आपसांत बोली लावायची. अधिक बोलणाऱ्याने वस्तू घ्यावी आणि इतरांचा फरक भरून द्यावा. आजोबांची आरामखुर्ची मला हवी, मग तिची किंमत मी बहिणीला मोजली पाहिजे. प्रेमाला किंमत लावली असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणू, प्रेमाच्या नावाखाली फुकट घेणे बंद केले.

महाराष्ट्रात आपण ख्रिस्ती लोक १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली येतो. मृत्युपत्र नसेल तर पतीच्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा विधवेचा, बाकीचा मुलांचा. आणि मुलगा-मुलगी यांत फरक नाही. मालमत्ता म्हटली की आपल्या मनात वाडी, विहीर आणि घर येते. कायद्याच्या लेखी तांब्याचा हंडा, सागवानी पेटारा, शिवणयंत्र, भिंतीवरचे घड्याळ हीसुद्धा मालमत्ताच. म्हणजे ज्याला आपण अडगळ म्हणतो, तिच्यात लग्न होऊन गेलेल्या बहिणीचा हिस्सा धूळ खात पडलेला असतो. आमच्या पाहण्यात अशी घरे आहेत जेथे आईवडील जाऊन पंधरा-वीस वर्षे झाली, एक खोली कुलूपबंद आहे, एक भाऊ आखातात आणि एक कॅनडात आहे, आणि ‘सगळे एकदा जमलो की उघडू’ असे दर नाताळला ठरते. त्या कुलपामागे काय आहे याची यादी कोणाकडेच नाही. पितळी भांडी काळवंडली, गाद्यांत उंदीर झाले, आणि ज्या भाचीच्या लग्नात आजीचा पेटारा द्यायचा होता तिची मुले आता शाळेत जातात. वाद व्हायला नको म्हणून खोली उघडत नाहीत. आणि न उघडल्यामुळे प्रत्येकाच्या मनात दुसऱ्याने आधीच काहीतरी नेल्याचा संशय वाढत राहतो. सोळाव्या शतकातील त्या विधवेला निदान आठवड्याभरात आपला आकडा कळत असेल.

लहानसहान वस्तूंचा निचरा करणारी आपली स्वतःची एक जुनी व्यवस्था होती, तिचाही उल्लेख केला पाहिजे. सुती लुगडे विरले की त्याची गोधडी होई, गोधडी विरली की बाळाचे दुपटे, दुपट्याचे फडके. लिलावापर्यंत काही जातच नसे. पुढे साड्या आणि पँटी आल्या, त्यांची गोधडी होईना. तेव्हा डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली घेऊन बोहारीण दारात बसू लागली. सात साड्या आणि दोन पँटींना एक पातेले, यावर तासभर घासाघीस चाले. ती बाई तो कपडा फेकून देत नसे. तो धुवून, उसवून, बटणे लावून मुंबईच्या जुन्या बाजारात जाई आणि कोणाच्या तरी अंगावर चढे. तिच्याशी पातेल्यासाठी हुज्जत घालणाऱ्या आपल्या आयांना ठाऊक होते की, कपडा कोणीतरी घालणार आहे; म्हणून फाटके वेगळे काढून, उरलेले धुवूनच तिच्यापुढे ठेवले जाई. आज चर्चच्या दारात गरिबांसाठी ठेवलेल्या खोक्यांत जे काही येऊन पडते, ते वेगळे करणाऱ्या स्वयंसेवकांना विचारावे. घामट, बटणे तुटलेले, एकाच पायाचे मोजे. बेनेडिक्ट यांच्या कोठीत ते घेतले गेले नसते.

काही वस्तू मात्र लिलावाच्या नव्हेत, आणि त्या ओळखता आल्या पाहिजेत. संतांचे पवित्र अवशेष विकण्यास पवित्र सभेच्या कायद्याची साफ मनाई आहे. आशीर्वादित क्रूस, माळा, तसबिरी खासगी मालकीच्या असल्या तरी त्यांचा मान राखावा, असे तोच कायदा सांगतो. मोडल्या, विटल्या तर त्या जाळून राख मातीत मिसळावी किंवा पुराव्यात, अशी रीत आहे. पत्रे, जुन्या वाटणीचे कागद, आजोबांच्या हस्ताक्षरातील गाण्यांच्या आणि प्रार्थनांच्या वह्या यांना बाजारात किंमत नाही, रद्दीवाला त्यांचे वजन करील. घर आवरताना हे गाठोडे सर्वांत आधी वेगळे काढावे, सावकाश वाचावे, आणि जे घराला सांभाळता येत नाही ते कोणा अभ्यासकाच्या किंवा ग्रंथालयाच्या हाती द्यावे.

जाळण्याची गोष्ट निघाली म्हणून आठवण झाली. झावळ्यांच्या रविवारी मिळालेली झावळी आपण क्रूसाच्या मागे खोचतो, आणि ती तेथे वर्षभर सुकत राहते. राखेच्या बुधवारापूर्वीच्या रविवारी वेदीवरून सूचना वाचली जाते की, गतवर्षीच्या झावळ्या चर्चमध्ये आणून द्याव्यात. कित्येक घरांतून चार-चार वर्षांच्या झावळ्या एकदम निघतात.